मिथिलेचा राजा सलहेस

मधुबनीचे नाव आज दिल्लीच्या कोणत्याही हस्तकला-प्रदर्शनात ऐकू येते. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात तेथील मासे-कमळांचे एखादे चित्र टांगलेलेही असेल. ही कला जगापुढे येण्यास एक अधिकारीच कारण झाला, ही गोष्ट आम्हां कचेरीतल्या मंडळींस विशेष अगत्याची वाटते. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने मिथिलेतील घरे कोसळली. हानीची पाहणी करीत हिंडणाऱ्या डब्ल्यू. जी. आर्चर या अधिकाऱ्यास पडक्या भिंतींच्या आतल्या अंगास, कोहबर म्हणजे वधूवरांच्या खोलीत, ही चित्रे दिसली. पुढे १९४९ साली मुंबईच्या 'मार्ग' नियतकालिकात त्याने त्यांवर लेख लिहिला. ती चित्रे ब्राह्मण व कायस्थ स्त्रियांच्या हातची होती.

त्याच गावांच्या कडेला दुसाधांची वस्ती असे. अस्पृश्य मानलेली ही जात. गावची चौकीदारी हे तिचे परंपरागत काम. तिचा वीर-देव राजा सलहेस. गावाबाहेरच्या त्याच्या ठाण्यात मातीचा हत्ती, त्यावर सलहेस, शेजारी घोड्यांवर त्याचे भाऊ व फुले घेतलेल्या मालिनी, असा थाट असतो. त्याचे गीत ग्रिअर्सनने १८८२ मध्येच छापले होते. म्हणजे भाषेच्या अभ्यासकास सलहेस सापडला. चित्रांच्या अभ्यासकास मात्र तो दिसला नाही. दिसावा तरी कसा? तो कोहबराच्या भिंतीवर नव्हताच.

१९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांस मधुबनीस पाठविले. स्त्रियांनी भिंतीवरील चित्रे कागदावर काढावीत व त्यांतून चार पैसे मिळवावेत, अशी ती योजना. (वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांस पुढे आणण्यातही या कुलकर्ण्यांचा हात होता, हे आपल्या वाचकांपैकी काहींस ठाऊक असेल.) योजना फळास आली, परंतु प्रारंभी तिचे फळ बहुतांशी वरच्या जातींच्याच पदरी पडले. सरकारी योजनेच्या नमुन्यात जातीचा रकाना नसला म्हणून जात थोडीच नाहीशी होते!

सत्तरीच्या दशकात एरिका मोझर या जर्मन विदुषीने जितवारपूर येथील दुसाध स्त्रियांस चित्रे काढण्यास प्रोत्साहन दिले. काय काढावयाचे, हा प्रश्न होता. रामसीता व राधाकृष्ण ही शेजारच्या अंगणांची मिरास होती. चानो देवीने आपल्या अंगाकडे पाहिले. आपल्याकडील गोंदणासच तिकडे गोदना म्हणतात. दागिना परवडत नाही अशा स्त्रीचा हा दागिना. तो चोरीस जात नाही, की कोणी उतरवून ठेवावयास सांगत नाही. त्याच खुणा कागदावर ओळींनी व वर्तुळांनी उमटू लागल्या आणि त्यांच्या मध्यभागी हत्तीवर बसून सलहेस आला.

या चित्रांत घोषणा नाही, मारहाणीचे दृश्य नाही. तेव्हा यास निषेध कसा म्हणावा, असे कोणी विचारील. आमच्या मते निषेध तेथेच आहे. ज्यांस दुसऱ्याच्या देवाची नक्कल करून पोट भरता आले असते, त्यांनी आपला देव, तोही राजा म्हणून, बाजारात मांडला. ग्राहक परदेशी होता व दुकान सरकारी होते, एवढ्याने त्या कृतीचे मोल उणे होत नाही.

चमार समाजातील जमुना देवीची गोष्ट याहून मौजेची आहे. तिने कागदास शेणाचा पातळ हात देऊन त्यावर चित्रे काढली. सारवणाचा तो मातकट रंग लोकांस इतका आवडला की, पुढे वरच्या जातींतील चित्रकर्तींनीही तो उचलला. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या हातचे सारवण चालले!

२०२४ साली शांती देवी व शिवन पासवान या दुसाध दांपत्यास पद्मश्री मिळाली. सरकारी यादीत त्यांच्या नावापुढे कलेचे नाव गोदना असे पडले.