सेल्फ न घेणे

ट्रॅक्टरची चावी फिरवल्यावर आरंभक मोटर, म्हणजे रोजच्या बोलण्यातला 'सेल्फ', इंजिनाला फिरवतच नाही, तो दोष. सेल्फ इंजिन गरगर फिरवतो पण इंजिन सुरू होत नाही, तो दोष निराळा. तिथे डिझेल, लाइनीत धरलेली हवा किंवा कॉम्प्रेशन पाहावे लागते. दोन्ही दोष 'ट्रॅक्टर स्टार्ट होत नाही' एवढ्याच शब्दांत सांगितले जातात आणि मिस्त्री भलतेच सामान घेऊन शेतावर पोचतो. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा : सेल्फ फिरतो का?

इंजिन विजेवर सुरू करण्याची व्यवहार्य योजना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये तयार केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. त्याआधी हँडल मारावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. मोटर सतत चालायची नाही, काही सेकंदच चालायची. मग लहान मोटरीलाही तेवढ्यापुरता भारी प्रवाह सोसेल, हे केटरिंग यांनी हेरले. आजचा सेल्फ त्याच तत्त्वावर चालतो. ट्रॅक्टरचा सेल्फ १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीड-दोनशे अँपिअर सहज ओढतो, पहिल्या क्षणी त्याहून बरेच जास्त. म्हणून एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर तरी थांबावे.

विजेचे मार्ग दोन असतात. मुख्य मार्ग जाड केबलचा : बॅटरी, सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क, मोटर, इंजिनाचा सांगाडा आणि अर्थची पट्टी. दुसरा बारीक वायरीचा : फ्यूज, चावीचा स्विच, बऱ्याच ट्रॅक्टरांवर क्लचशी किंवा गिअरशी जोडलेला सेफ्टी स्विच आणि सोलेनॉइडची गुंडाळी, जी दांडा ओढून मुख्य मार्गाचे संपर्क जुळवते. दोष यांपैकी कोणत्या मार्गावर आहे हे आधी ठरवायचे. पाना हातात घेणे त्यानंतर.

ते पुष्कळदा कानानेच ठरते. चावी फिरवूनही काहीच आवाज नसेल तर बारीक मार्ग कुठेतरी तुटलेला असतो, नाहीतर बॅटरी पार उतरलेली असते. एकच ठसठशीत 'टक्' येऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइड ओढला गेला पण मोटरीला वीज पोचली नाही, किंवा पोचूनही ती फिरू शकली नाही : जळलेले संपर्क, झिजलेले कार्बन, सैल केबल किंवा जाम झालेले इंजिन. 'टकटकटक' असा सलग आवाज बहुधा बॅटरीचा. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. मुख्य संपर्क जुळताच ओढणारीचे काम संपते. त्याच क्षणी मोटर प्रवाह खेचते, अशक्त बॅटरीचा दाब कोसळतो, एकट्या धरणाऱ्या गुंडाळीला दांडा पेलत नाही आणि तो मागे येतो. भार सुटताच दाब पुन्हा चढतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. मात्र टर्मिनल सैल असले तरी हाच आवाज येतो.

हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे तसेच तेजात राहिले तर मोटरीत प्रवाह जातच नाही. मंदावले तर बॅटरी दुबळी आहे किंवा मोटर अडकली आहे. एकदम विझले तर टर्मिनलचा जोड पाहावा.

सर्वांत जास्त फसगत टेस्ट लॅम्पने होते. दिवा सेल्फच्या जाड टर्मिनलवर लख्ख पेटतो, म्हणजे करंट आहे, म्हणजे सेल्फ गेला, असा निष्कर्ष निघतो आणि धडधाकट सेल्फ उतरवला जातो. गंजलेल्या टर्मिनलचा रोध ०.०१ ओहम धरू. पाच वॅटचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. त्याला हा रोध जाणवतही नाही. त्याच जागेतून २०० अँपिअर मागितले तर ओहमच्या नियमाने २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून जोड भाराखालीच तपासावा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, क्लँपवर नव्हे तर शिशाच्या खुंटावर, आणि दुसरी सेल्फच्या जाड टर्मिनलवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर त्या वाटेत दोष आहे. बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या अंगापर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. रंगकाम झालेल्या ट्रॅक्टरवर अर्थची पट्टी रंगावरच आवळलेली सापडते. अर्थ खराब असला की प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलसारखी आडवाट धरतो आणि ती केबल तापून धुरावते.

विश्रांतीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी उतरलेली १२.२. नुकतेच चार्जिंग झाले असेल तर आकडा फुगलेला असतो. मिनिट-दोन मिनिटे हेडलाइट लावून मगच मोजावा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती भार पेलत नाही. विश्रांतीतही १०.५ वर अडून बसली तर सहापैकी एक सेल मेल्याचा दाट संशय घ्यावा. थंड देशांतली पुस्तके हिवाळ्याला दोष देतात. विदर्भ-मराठवाड्यात नुकसान एप्रिल-मेचे ऊन करते. पाणी आटते, प्लेटा उघड्या पडतात आणि पेरणीच्या तोंडावर सेल्फ घेत नाही.

सिलिंडरमध्ये पाणी शिरले किंवा इंजिन धरले तर विजेचे सगळे आकडे बरोबर येऊनही मोटर फिरणार नाही. तेव्हा इंजिन हाताने पान्याने फिरवून पाहावे. सेल्फ उतरवायचाच असेल तर आधी बॅटरीचा मायनस सोडावा.

राहिली सोलेनॉइडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवण्याची सवय. तिने निदान होते खरे : बारीक टर्मिनलला थेट प्लस देताच सेल्फ फिरला तर दोष चावीच्या किंवा सेफ्टी स्विचच्या बाजूला ठरतो. पण त्या वेळी सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ओढून बंद करायच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन चावी बंद असतानाही सुरू होते. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर निघतो, आणि सेल्फपाशी उभा असलेला माणूस नेमका मागच्या चाकाच्या वाटेत असतो. ही चाचणी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, बंद करण्याची दांडी ओढून धरलेली, एवढे झाल्यावर लांब वायरीने चाकाच्या वाटेबाहेर उभे राहूनच करावी. आणि क्लचचा स्विच खराब निघाला तर नवा बसवावा. त्याच्या दोन वायरी एकमेकींना पिळून ट्रॅक्टर मालकाच्या हाती देऊ नये.