सेक्टर नसलेलं चंदीगड

सिमला-मनालीला निघालेल्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत चंदीगडच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो. रॉक गार्डन, सुखना तलाव, जमलंच तर रोझ गार्डन, आणि जेवण आटोपून गाडी घाटाला लागते. रेल्वे स्टेशनातून निघालेली बस मध्य मार्गावरून शहरात शिरते तेव्हा बाजूला गोदामं, मोटारींची शोरूम्स, कारखान्यांची जुनी फाटकं दिसतात आणि मागे पडतात. गाइड तोवर बहुधा माइक तपासत असतो. बोलायला सुरुवात होते ती सेक्टरची पहिली पाटी आल्यावर. मागे पडलेल्या भागाला सेक्टरचा नंबरच नाही. त्याचं नाव इंडस्ट्रियल एरिया, आणि पत्ता सांगायचा तो प्लॉट नंबर आणि फेज वन किंवा टू असा.

धावती भेट हा या शहराच्या बाबतीत काही हलका विषय नाही. चंदीगडचा आराखडाच धावत्या भेटीत झाला आहे. फाळणीत लाहोर गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. सरकार सिमल्याहून चाललं होतं. नव्या राजधानीचं काम आधी अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांच्याकडे होतं आणि त्यांचे जोडीदार होते मॅथ्यू नोविकी. ऑगस्ट १९५०मध्ये कैरोजवळ झालेल्या विमान अपघातात नोविकी गेले. मग पी. एन. थापर हे प्रशासक आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता, असे दोघं नवा वास्तुविशारद शोधायला युरोपात पोहोचले. पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांनी त्यांना ऐकवलं म्हणतात की राजधानी इथं माझ्या कार्यालयात बसूनही उभी करता येईल, त्यासाठी पंजाबात यायची गरज काय? पण पाहुण्यांनी हट्ट धरला. शेवटी करार झाला तो वर्षातून दोन खेपा आणि प्रत्येक खेपेला साधारण महिनाभर मुक्काम, असा.

पहिली खेप फेब्रुवारी १९५१ची. सिमल्याच्या रस्त्यावरच्या एका विश्रामगृहात ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय आणि वर्मा यांची बैठक बसली, आणि शहराचा मूळ आराखडा अवघ्या चार दिवसांत कागदावर उतरला. त्रेसष्ट वर्षांच्या ल कॉर्बुझिए यांनी हा देश त्याआधी पाहिलेला नव्हता. एवढ्या वेगाचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र सोईस्कर विसरली जाते. पाटी कोरी नव्हती. मेयर यांचा पंख्याच्या आकाराचा आराखडा समोर होता. वर डोंगराच्या पायथ्याशी सरकारी इमारती, मध्ये बाजारपेठ, दोन्ही बाजूंना पटियाला की राव आणि सुखना चो हे पावसाळी ओढे, पूर्वेला रुळांच्या कडेनं उद्योग, हे सगळं त्यात आधीच होतं. नव्या मंडळींनी मेयर यांचे वळणदार रस्ते सरळ केले, आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे सेक्टर आखले. पण उद्योगांची जागा फारशी हलवली नाही. तेव्हा ज्यांच्या नावानं शहर ओळखलं जातं, त्यांचा हात सगळ्यात कमी लागलेला भाग कदाचित हाच.

ती जागा मेयर यांच्याही आधी एका अर्थी ठरून गेली होती. दिल्ली-अंबाला-कालका हा लोहमार्ग १८९१ सालचा आहे. इंग्रज साहेबाला उन्हाळ्यात सिमल्याला पोहोचता यावं म्हणून तो टाकला होता, आणि कालक्याच्या पुढची छोटी गाडी १९०३मध्ये आली. लोहमार्ग झाल्यावर जवळजवळ साठ वर्षांनी राजधानीसाठी जमीन निवडली गेली, तेव्हा हे रूळ तिच्या पूर्वेच्या अंगानं आयतेच धावत होते. कच्चा माल उतरणार तिथंच कारखाने असणार. फक्त ते घरांपासून दूर हवेत, म्हणून मध्ये झाडांचा रुंद पट्टा आखला आणि त्यात आंब्याची झाडं धरली. कारखानेही हलके, विजेवर चालणारे, धूर न सोडणारे अशीच अपेक्षा होती. चंदीगडची मांडणी समजावताना शरीराची उपमा आजही दिली जाते. कॅपिटॉल, म्हणजे वरच्या सरकारी इमारती, हे डोकं, बाजारपेठेचा सतरावा सेक्टर हृदय, बागा म्हणजे फुप्फुसं, रस्ते म्हणजे रक्तवाहिन्या. या हिशेबात इंडस्ट्रियल एरियाच्या वाट्याला आली आतडी! पाहुण्याला आतडी कोण दाखवणार?

ल कॉर्बुझिए भारतात येऊन गेले ते एकूण तेवीस वेळा. मोजक्या दिवसांत अनोळखी मुलूख कसा पाहावा, याचा त्यांचा नमुना आजही उपयोगी पडेल असा आहे. खिशात मावणारी चित्रवही ते कायम जवळ बाळगत, आणि तिच्यात स्मारकांइतकीच जागा बैलगाड्यांना, गुरांच्या शिंगांना, रस्त्यावरच्या साध्या वस्तूंना मिळे. तरीही महिनाभराच्या पाहुण्याला काय दिसत नाही, हेही चंदीगडमध्ये दिसतं. रुंद रस्ते मोटारींसाठी आखले, तेव्हा शहरात चालत होत्या सायकली. आराखड्यात कारखान्यांना जागा दिली, पण कारखान्यात राबणारा माणूस रात्री कुठे झोपेल याचा हिशेब तुटपुंजाच राहिला.

खेपांच्या मधले दहा महिने काम ओढलं ते इथं राहिलेल्यांनी. फ्राय आणि त्यांच्या पत्नी जेन ड्रू यांचा मुक्काम तीन वर्षांचा होता. जानरे १९६५पर्यंत राहिले, आणि मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित झाल्या. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीयांचा ताफा होता. आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा, ऊर्मिला चौधरी, जीत मल्होत्रा, आणि नगररचनेच्या बाजूला ए. आर. प्रभावळकर. हे शेवटचं आडनाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतोच. पण पर्यटनाच्या माहितीपत्रकांत एकच नाव ठळक छापलेलं असतं.

७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचं उद्घाटन झालं. उद्योग हळूहळू आले. साठच्या दशकापासून इथं होजिअरीच्या यंत्रांना लागणाऱ्या सुया बनतात, जर्मनीच्या ग्रोत्स-बेकर्टच्या कारखान्यात. लुधियाना हे विणलेल्या लोकरी कपड्यांचं गाव इथून शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे सुयांना गिऱ्हाईक दाराशीच होतं. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था १९५९मध्ये दिल्लीत स्थापन झाली आणि १९६२मध्ये चंदीगडला, तिसाव्या सेक्टरात, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या उंबऱ्यावर आली. पाठोपाठ १९६३मध्ये तिथंच स्वित्झर्लंडच्या मदतीनं इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झालं. घड्याळजींच्या देशानं पंजाबी पोरांना बारीक कामाचं शिक्षण द्यावं, अशी ती सोय होती. जवळच एकोणतिसाव्या सेक्टरात ‘द ट्रिब्यून’ हे वर्तमानपत्र १९६९मध्ये येऊन स्थिरावलं. १८८१मध्ये लाहोरला जन्मलेलं हे पत्र फाळणीनंतर सिमला आणि अंबाला अशी बिऱ्हाडं करत इथं पोहोचलं. त्याच्या नावाचा चौक आज शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकांपैकी एक आहे.

याच काळात शहराच्या दुसऱ्या टोकाला एक चोरटा उद्योग चालू होता. सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर असलेले नेकचंद सैनी हे शकरगढहून, म्हणजे आता पाकिस्तानात असलेल्या भागातून आलेले निर्वासित. शहरासाठी गावं उठवली गेली होती. त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, विजेच्या जोडणीतले फेकलेले भाग, डांबराची रिकामी पिंपं, असं जे मिळेल ते नेकचंद सायकलवरून सुखनाजवळच्या राखीव जंगलात नेत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कितीतरी वर्षं हे कुणाला कळलं नाही. सत्तरच्या दशकात ते उघडकीस आलं. नियमावर बोट ठेवायचं तर तिथं बुलडोझर फिरायला हवा होता. पण १९७६मध्ये ती जागा रॉक गार्डन म्हणून लोकांना खुली झाली, आणि १९८४मध्ये नेकचंदना पद्मश्री मिळाली. शहराच्या पोटातून निघालेला कचरा त्याच्या डोक्याशी, पहिल्या सेक्टरात जाऊन बसला आणि कॅपिटॉलपेक्षा जास्त गर्दी खेचू लागला. आराखडेवाल्यांवर याहून गमतीदार टीका कुणी केलेली नाही.

इंडस्ट्रियल एरियाची खरी उलथापालथ मात्र २००५नंतरची. प्रशासनानं औद्योगिक प्लॉटचा वापर बदलून व्यापारी वापराला परवानगी देणारी योजना आणली. गिरणगावातल्या फिनिक्स मिलचं काय झालं, हे पाहिलेल्या मुंबईकराला पुढचं सांगायला नको. फरक इतकाच की परळची चिमणी निदान आठवण म्हणून उभी राहिली. चंदीगडच्या ठेंगण्या, धूर न सोडणाऱ्या शेडना आठवण म्हणून ठेवण्याजोगं काही नव्हतं. मॉल आले, हॉटेलं आली. २०१३मध्ये लार्सन अँड टुब्रोनं बांधलेला एलांते मॉल उघडला, आणि ज्या भागात रविवारी कुत्रंही फिरकत नसे तिथं रविवारीच वाहतूक कोंडू लागली. पुढे ती योजना थांबली. परिणामी आज एका प्लॉटवर काचेचं हॉटेल, तर शेजारी लोखंड कापण्याचा आवाज, अशी सरमिसळ दिसते.

कामगारांचा प्रश्न आराखड्यानं सोडवला नव्हता, तो त्यांनी स्वतःच सोडवला. फेज वनमध्ये चार नंबरची कॉलनी उभी राहिली. सेक्टरला नंबर असतात तसा झोपडवस्तीलाही मिळाला, इतपत चंदीगडची शिस्त तिथं पोहोचली. चार दशकांची ही वस्ती १ मे २०२२ रोजी, कामगार दिनालाच, प्रशासनानं जमीनदोस्त केली. तारीख कुणी विचार करून निवडली असेल असं वाटत नाही, आणि ते जास्तच बोलकं आहे.

मग अर्धाच दिवस हाती असलेल्या पाहुण्यानं काय करावं? कॅपिटॉल जरूर पाहावं. २०१६मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि ओळखपत्र दाखवून ठरावीक वेळांना मार्गदर्शकासोबत आत जाता येतं. पण त्याआधी तासभर उलट्या बाजूला घालवावा. इंडस्ट्रियल एरियातून पूर्व मार्गाकडे चालत यावं. एका अंगाला कारखाने आणि मॉल, मध्ये झाडांचा पट्टा, आणि रस्ता ओलांडला की अचानक अठ्ठाविसावा, एकोणतिसावा सेक्टर, शांत घरं, ठरलेल्या उंचीच्या भिंती. कागदावरची रेघ जमिनीवर इतकी स्पष्ट भारतात क्वचितच दिसते. तिथून रिक्षानं एकोणिसाव्या सेक्टरात जावं. ल कॉर्बुझिए सेंटर म्हणून आता जे संग्रहालय आहे, ते या सगळ्या मंडळींचं जुनं कार्यालय. विटांची साधी बैठी इमारत, आत नकाशे, पत्रं आणि जानरे यांच्या घडणीच्या खुर्च्या.

या खुर्च्यांनाही धावत्या भेटींचाच इतिहास आहे. सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानात बनवलेल्या आणि वेतानं विणलेल्या या खुर्च्या जुन्या झाल्यावर गच्चीवर, आवारात ढिगानं पडल्या. भंगार म्हणून त्यांचा लिलाव होऊ लागला, तेव्हा परदेशी व्यापारी येऊन त्या मातीमोल भावानं उचलून गेले आणि त्यांनी युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्या लाखोंना विकल्या. शहराच्या नकाशाची नक्षी असलेली ओतीव लोखंडाची मॅनहोलची झाकणंसुद्धा तशीच गेली. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं अशा वारसा वस्तूंच्या विक्रीला आळा घातला. तोवर चार दिवसांच्या पाहुण्यांनी इथं जे ओळखलं, ते चाळीस वर्षं त्याच खुर्च्यांवर बसलेल्या बाबूंना दिसलं नव्हतं.

जपणुकीचा हा धागा आता घरांपर्यंत आला आहे. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या तीस सेक्टरांतली स्वतंत्र घरं मजल्यामजल्यानं तोडून फ्लॅटसारखी विकायला मनाई केली. हे शहर ल कॉर्बुझिए यांच्या कल्पनेतलं, म्हणून ते तसंच राखलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. खंडपीठावर न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. पाच लाखांसाठी आखलेल्या या शहरात २०११च्या जनगणनेतच दहा लाखांवर माणसं भरली होती. बंगल्यांचे सेक्टर जागच्या जागी थांबले, तरी वाढीला कुठंतरी वाट हवीच. ती वाट मोहाली, पंचकुला, झिरकपूरकडे जाते, आणि शहराच्या हद्दीत प्लॉट नंबरांच्या त्या जुन्या पट्ट्याकडे. तिथले लघुउद्योजक तर कोणत्या कामाला परवानगी आणि कोणत्या कामाला वापर बदलल्याची नोटीस, यावरून प्रशासनाशी अजून वाद घालत आहेत.