प्रतिकृती पाणबुडी, रेडिओ-नियंत्रित

काठावरून रेडिओ संदेश पाठवून पाण्याच्या पृष्ठभागावर व त्याखाली चालविता येणारी पाणबुडीची लहान प्रतिकृती. विमान वा जहाज यांच्या प्रतिकृतींपेक्षा ती घडविणे अवघड असते. कारण जलाभेद्यता, वजनाचा समतोल आणि पाण्यात होणारे रेडिओ तरंगांचे शोषण या तीन अडचणी तीत एकत्र येतात. तिचा विकास मुख्यत्वे या अडचणींवरील उपायांतून झालेला आहे.

इतिहास : रेडिओने नौका चालविण्याचा पाया निकोला टेस्ला (१८५६–१९४३) यांनी घातला. १८९८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथे तारेवाचून चालणारी लहान नौका दाखविली व त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी त्यांना अमेरिकेचे ६,१३,८०९ क्रमांकाचे एकस्व मिळाले. तिच्या ग्राहीत धातूचा कीस भरलेली नळी होती. तरंग येताच कीस विद्युत् संवाहक बने व पुढील संदेशासाठी नळी फिरवून तो पुन्हा मोकळा करावा लागे. अशा नौकांच्या संहारक्षमतेमुळेच राष्ट्राराष्ट्रांत शांतता नांदेल, ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. नियंत्रणाचे तत्त्व मात्र टिकले आणि पुढे हौशी कारागिरांच्या हाती आले.

अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ मध्ये रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमान उडविले. त्या काळच्या साध्या संचांत एका संदेशाने सुकाणू एकेक टप्पा सरके. पाणबुडीला सुकाणू, गती, खोली व टाकी यांचे स्वतंत्र नियंत्रण लागते. ट्रँझिस्टरमुळे संच हलके झाले आणि १९६० नंतरच्या दशकात हाताच्या हालचालीच्या प्रमाणात सुकाणू वळविणारी यंत्रणा प्रचारात आली. तेव्हा असे नियंत्रण हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

पाणी व रेडिओ तरंग : समुद्राचे पाणी विद्युत् संवाहक असल्याने २७ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग त्यात सु. ५ सेंमी. खोलीवरच बरेच क्षीण होतात. गोड्या पाण्यात ते काही मीटरपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून या प्रतिकृती तलावात व तरणतलावात चालवितात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विमानांसाठी २·४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे संच रूढ झाले. पण हे तरंग गोड्या पाण्यातही काही सेंटिमीटरांतच शोषले जातात. त्यामुळे पाणबुडीकरिता जुन्या, कमी कंप्रतेच्या संचांचे महत्त्व टिकून राहिले.

रचना : दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ७-सी प्रकारच्या यूबोटीची लांबी ६७·१ मी., तर विस्थापन पृष्ठभागावर ७६९ टन व पाण्याखाली ८७१ टन होते. १ : ५० प्रमाणात लांबी १·३४ मी. होते; मात्र घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वजन १,२५,००० पटींनी घटून सु. ७ किग्रॅ. होते. बुडण्यासाठी लागणारे पाणी या हिशोबाने सु. ०·८ किग्रॅ. भरते. बाह्य कवचात पाणी मोकळे खेळू दिल्यास ही गरज पुष्कळच कमी होते. कारण मग जलरेषेवरील प्रत्यक्ष द्रव्याचे घनफळच काय ते भरून काढावे लागते. म्हणून बाह्य कवच काचतंतुयुक्त प्लॅस्टिकचे व सच्छिद्र करतात आणि विद्युत् घट, चलित्रे व ग्राही आतील जलाभेद्य नळकांड्यात बसवितात. टाकीत पाणी घेण्यासाठी व ते बाहेर टाकण्यासाठी दट्ट्या, पंप किंवा दाबाखालील वायू वापरतात.

समतोल व सुरक्षितता : गुरुत्वमध्य उत्प्लावन मध्याच्या खाली असला, तरच प्रतिकृती कलंडत नाही. खोली वाढली की दाबाने आतील हवेच्या पोकळ्या आकुंचन पावतात, उत्प्लावन घटते व बुडण्याचा वेग वाढतो. हे टाळण्यासाठी पुष्कळ कारागीर किंचित उत्प्लावन राखून, चालत्या प्रतिकृतीस आडव्या पंखांनी खाली दाबून धरतात. १९०० मध्ये अमेरिकन नौदलाने विकत घेतलेल्या हॉलंड पाणबुडीतही हेच तत्त्व होते. संदेश तुटताच टाकी आपोआप रिकामी करणारी योजना अत्यावश्यक मानतात. ती नसल्यास अनेक महिन्यांचे श्रम तळाशी जातात.

खऱ्या पाणबुड्यांनाही हेच बंधन आहे. त्यांच्याशी संपर्कासाठी अतिनीच कंप्रतेची प्रचंड केंद्रे उभारावी लागतात. १९९० मध्ये तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ भारतीय नौदलाचे असे केंद्र सुरू झाले. टेस्लांच्या काळापासून प्रेषक व ग्राही पार बदलले. पाण्याचा गुणधर्म मात्र तोच राहिला.