डोंगरीतलं वकीलपत्र

आगरकरांचं ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ वाचलेल्या कित्येकांना ठाऊक नसतं की त्या जुन्या तुरुंगाच्या आवारात आज मुलं राहतात. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर तिथे शिक्षा भोगत होते, तेव्हा टिळक एलएल.बी. होऊन तीन वर्षं झाली होती. पुढे तिथे उमरखाडीचं रिमांड होम आलं. ‘गप बस, नाहीतर डोंगरीला टाकीन’ हा धाक मुंबईतल्या चाळीचाळींतून ऐकू येऊ लागला. माझ्या आईनेही तो घातला होता. आता विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील म्हणून मी तिथल्या मुलांची वकीलपत्रं घेते, आणि माझ्याबरोबर दर सुट्टीत लॉ कॉलेजची दोन-तीन मुलं-मुली असतात. ही विद्यार्थी मंडळी या कामात आली कशी, ते सांगायचं आहे.

मुंबईत मुलांसाठी वेगळी व्यवस्था तशी जुनी आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवा असं बजावलं. त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. मुंबईच्या कायद्यापाठोपाठ १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. या सगळ्यामागे भली माणसं होती आणि त्यांचा विचारही भला होता: न्यायाधीश मुलाच्या आईबापांच्या जागी आहे, त्याला मुलाचं हितच पाहायचं आहे, मग मध्ये वकील कशाला?

मला हा विचार कधीच पटला नाही. हित पाहणाऱ्याचीही चूक होते, आणि ती दाखवून देणारं कुणी नसेल तर भरपाई मूल करतं. अमेरिकेत हे ठसठशीतपणे समोर आलं. अॅरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलावर शेजारणीला फोनवरून अश्लील बोलल्याचा आरोप झाला. तक्रारदार बाई न्यायाधीशांसमोर आलीच नाही, साक्षीची नोंद ठेवली गेली नाही, वकील तर नव्हताच. मुलाला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत धाडलं. त्याच गुन्ह्याला मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा मुलाला वकिलाचा हक्क आहे. एवढे वकील आणायचे कुठून, हा प्रश्न मग आलाच. विद्यार्थ्यांना देखरेखीखाली कोर्टात उभं करण्याचे नियम तिकडे त्याच सुमाराला पसरले.

आपल्याकडे केंद्रशासित प्रदेशांसाठी केलेल्या १९६० च्या कायद्यात वकिलाला दार बंद होतं. बाल न्यायालयापुरतं ते उघडलं १९७८ च्या दुरुस्तीने. त्याआधी १९७६ मध्ये मोफत कायदेविषयक साहाय्याचं कलम ३९-अ राज्यघटनेत आलं होतं. शीला बारसे या पत्रकार बाईंनी तुरुंगांतल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात लावून धरला. १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर आदेश दिले आणि त्याच वर्षी देशभरासाठी एक बाल न्याय कायदा झाला. पुढे २००० चा, मग २०१५ चा.

पण माझ्या लेखी महत्त्वाची ओळ आहे ती २००७ च्या आदर्श नियमांतली. पालकांशी संपर्क साधणं आणि मुलाची सामाजिक माहिती गोळा करणं, यासाठी बाल न्याय मंडळाला विधी शाखेच्या विद्यार्थी स्वयंसेवकांची मदत घेता येईल असं तिथे लिहिलं आहे. २०१६ च्या नियमांतही ती तरतूद टिकली. कोटाच्या बाह्या सावरत युक्तिवाद करण्याचं स्वप्न घेऊन आलेल्यांना हे काम हलकं वाटतं. ते हलकं नाही.

एक उदाहरण देते. मुलाचं नाव सांगणार नाही, कायद्याने ते सांगता येत नाही. पोलिसांच्या कागदावर वय १९, म्हणून रवानगी मोठ्यांच्या तुरुंगात. मुलगा म्हणे, मी दहावीला होतो. बाप हमाल, जन्मदाखला नाही. आधार कार्ड होतं, पण २०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये वयाच्या पुराव्यांत आधार नाही. आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची चाचणी. तिच्यात वर्ष-दोन वर्षं सहज इकडेतिकडे होतात. माझ्याकडची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी एसटीने बीड जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, नोंद मात्र शाबूत: नाव, आईचं नाव, जन्मतारीख १ जून. आपल्याकडे निम्म्या गावाची तारीख १ जून असते, त्यामुळे सरकारी वकील हरकत घेणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने नुसता उतारा आणला नाही. पहिलीच्या प्रवेशाचा अर्जही शोधून काढायला लावला आणि दोन्हींवर सही-शिक्का घेतला. घटनेच्या दिवशी मुलगा सोळा वर्षं आणि काही महिन्यांचा ठरला. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे आलं.

तारखांना धावणाऱ्या वकिलाला असा एक दिवस काढणं जमत नाही. मलाही जमलं नसतं. आणि २०१५ नंतर याची निकड वाढली आहे, कारण सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का हे मंडळ प्राथमिक मूल्यांकनातून ठरवतं. त्या मूल्यांकनात मूल कुठल्या घरातून आलं, शाळा का सुटली, कुणाच्या नादाने तिथे गेलं, हे सांगणारा कागद कुणीतरी आणावा लागतो.

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. त्यातले बहुतेक आठवडे मोठ्या फर्मच्या वातानुकूलित खोल्यांत जातात. विद्यार्थ्यांनो, त्यातले चार आठवडे या मुलांना द्या. बाल न्याय मंडळ प्रत्येक जिल्ह्यासाठी असतं. कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि हे काम मागून घ्या.