नंबर लावण्याच्या काळातले दुचाकीचे दुकान आणि गॅरेज

१९५० ते १९९० या चार दशकांत महाराष्ट्रातल्या दुचाकीस्वाराचा संबंध प्रामुख्याने दोन माणसांशी येई. एक म्हणजे गाडीसाठी नंबर लावून घेणारा डीलर आणि दुसरा, मिळालेली गाडी पंधरा-वीस वर्षे चालती ठेवणारा मिस्त्री. गाडीच्या किमतीपेक्षा तिच्यासाठी थांबावे लागे तो काळ मोठा होता, आणि एकदा मिळालेली गाडी सहज बदलता येत नव्हती. या दोन गोष्टींतून त्या काळच्या दुकानाला आणि गॅरेजला जे रूप आले, ते त्याआधी नव्हते आणि पुढेही राहिले नाही.

स्वातंत्र्यापूर्वी मोटरसायकल ही परदेशी वस्तू होती. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, एरियल, मॅचलेस या इंग्लिश गाड्या मुंबई बंदरात उतरत आणि लष्करी अधिकारी, डॉक्टर, संस्थानिकांचे आप्त आणि मोठे कंत्राटदार अशा मोजक्या लोकांच्या हाती जात. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने दुचाक्यांचा मोठा वापर केला. युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेक गाड्या लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हापासून गॅरेजच्या बोलीत रुळला. या गाड्यांना सुटे भाग मिळत नसत, त्यामुळे जो भाग झिजेल तो लेथवर घडवायचा किंवा दुसऱ्या गाडीचा बसवायचा, एवढाच मार्ग उरे. लष्करी वर्कशॉपमधून बाहेर पडलेले कारागीर या कामात तरबेज होते आणि शहरांतल्या पहिल्या पिढीच्या मिस्त्र्यांत त्यांचा वाटा मोठा होता.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी कंपन्यांशी करार करून गाड्या देशातच बनवण्याचे धोरण ठरले. भारतीय लष्कराने बुलेट निवडल्यावर १९५५मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि ३५० सीसी बुलेट तिथे जुळवली जाऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१पासून चेकोस्लोव्हाकियाची २५० सीसी जावा आणली. हीच गाडी पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सने १९६२पासून पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली राजदूत काढली. स्कूटरच्या बाबतीत महाराष्ट्र आघाडीवर होता. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लँब्रेटा आणली. बजाजने १९४८पासून व्हेस्पा आयात केली, १९६०च्या सुमारास पियाज्जिओच्या परवान्यावर तिचे उत्पादन सुरू केले आणि करार संपल्यावर १९७२मध्ये आकुर्डीतून चेतक बाजारात आणली. १९७५मध्ये राज्य सरकारचे महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली.

कारखाने निघाले तरी मागणी पुरी होत नव्हती, कारण किती गाड्या काढायच्या हेही परवान्यानेच ठरे. १९६०मध्ये सरकारने स्कूटरच्या विक्रीवर आणि वाटपावर नियंत्रण आणणारा आदेश काढला. डीलरला मनाला येईल त्याला गाडी देता येत नसे. गिऱ्हाईक पोस्टाच्या बचत खात्यात अनामत ठेवी, पासबुक डीलरकडे गहाण राही आणि नाव वहीत क्रमाने चढे. सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा असे, परदेशातून चलन पाठवणाऱ्यांच्या नातलगांसाठीही वेगळी सोय असे. ज्यांना यातले काहीच नव्हते, त्यांना बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागल्याची उदाहरणे आहेत. मुलगा शाळेत असताना वडिलांनी लावलेला नंबर तो नोकरीला लागल्यावर लागे. नंबर लागलेली गाडी बाहेर पडताक्षणीच मूळ किमतीहून जास्त भावाने विकली जाई. या वरच्या रकमेला ‘ऑन’ म्हणत. नवी गाडी जुनी झाल्यावर महाग होण्याचा हा उलटा न्याय त्या काळातल्या सर्वांच्या अंगवळणी पडला होता.

अशा बाजारात डीलरला गिऱ्हाईक शोधावे लागत नसे, म्हणून त्याच्या दुकानात सजावटीलाही काम नव्हते. पेठेतल्या रस्त्यावर दोन-तीन गाळे, पुढे एखादी नमुन्याची गाडी, काचेच्या कपाटात प्लग, पॉइंट, क्लच प्लेटा आणि वायरी, टेबलावर बुकिंगची वही आणि मागच्या अंगाला वर्कशॉप, एवढाच पसारा असे. मालक बहुधा स्वतः यंत्र जाणणारा असे. पूर्वी सायकलींचा धंदा केलेली कितीतरी घराणी दुचाकीकडे वळली आणि विशेषतः पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात हा बदल सहज झाला. डीलर गिऱ्हाइकाला नुसती पावती देत नसे. गाडी कशी ‘रनिंग-इन’ करायची, पहिले काही शे किलोमीटर वेग कसा आवरायचा, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे, किक कशी मारायची हे तो स्वतः उभे राहून शिकवी. ज्याच्यासाठी गिऱ्हाइकाने इतकी वर्षे वाट पाहिली, ती वस्तू पहिल्याच महिन्यात सीझ होऊ नये याची त्यालाही काळजी असे. त्या धंद्यातला चांगुलपणा टंचाईतून आला असे म्हणून भागत नाही. टंचाईत अडवणूक करणारेही पुष्कळ होते, आणि म्हणूनच वही सरळ ठेवणाऱ्या डीलरचे नाव तालुक्यात आदराने घेतले जाई.

गाडी घरी आल्यावर मात्र सगळा संबंध गॅरेजशी. गॅरेज म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याची शेड, ऑइलने काळी पडलेली जमीन, भिंतीवर मापाच्या क्रमाने टांगलेले पाने आणि दाराशी रॉकेलची परात. काम शिकण्याची रीत ठरलेली होती. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या आधी रॉकेलमध्ये भाग धुवायला बसे. महिनोन्‌महिने तो फक्त धूत असे, पण तेवढ्यात कुठला नट कुठला आणि कुठली रिंग कुठल्या खोबणीतली हे त्याच्या हाताला कळे. मग पंक्चर, ब्रेक, वायरी, त्यानंतर कार्बोरेटर, आणि अनेक वर्षांनी उस्ताद त्याच्या हाती इंजिन देई. शाळा सोडून आलेल्या या मुलांची कोवळी वर्षे त्यात गेली, पगार नावापुरता असे आणि बोलणीही खावी लागत. तरीही या शिडीतून हजारो कुटुंबे स्वतःच्या धंद्याला लागली. पुढे आयटीआयमधून शिकून आलेले तरुणही याच उस्तादांच्या हाताखाली पक्के होत.

निदानाची साधने म्हणजे कान आणि बोटे. इंजिन ‘मिसिंग’ मारते आहे की चेन वाजते, पिस्टन खडखडतो की कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले, हे मिस्त्री गाडी दारात शिरताना ओळखी. खात्रीसाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावली जाई. प्लग काढून त्याचा रंग पाहिला की आतले ज्वलन समजे: विटकरी असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे. मग पॉइंट घासायचे, त्यांतले अंतर लावायचे, टायमिंग जुळवायचे आणि हवेचा स्क्रू फिरवत स्लो-रेस बसवायची. त्या काळच्या गाडीत कॉम्प्युटर नव्हता. जे बिघडे ते डोळ्यांना दिसे, म्हणून ते हाताने दुरुस्तही होई.

टू-स्ट्रोक गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जावा, राजदूत, लँब्रेटा, चेतक या सगळ्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळे, त्याची काजळी हेडमध्ये, पिस्टनच्या माथ्यावर आणि सायलेन्सरमध्ये साचे आणि गाडीचा दम कमी होई. म्हणून ठरावीक दिवसांनी ‘कार्बन काढणे’ हे नित्याचे काम होते. सायलेन्सरची जाळी भट्टीत तापवून झटकली जाई, हेड घासून चकचकीत होई. रिंगा झिजल्या की ‘हाफ इंजिन’, क्रँकपर्यंत खोलावे लागले की ‘फुल इंजिन’, असे कामाचे दोन भाव ठरलेले. सिलिंडर घासला की ब्लॉक लेथवाल्याकडे बोअर मारायला जाई आणि पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठा पिस्टन बसे. एकच ब्लॉक असा तीन-चार वेळा बोअर होऊन पुढच्या पिढीच्या हाती जाई. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ओतकाम आणि लेथ शेजारीशेजारी असल्याने बाजारात न मिळणारा भागही तिथे घडवून घेता येई.

प्रत्येक गाडीच्या खोडी निराळ्या असत आणि मिस्त्रीही त्याप्रमाणे वाटले गेलेले असत. जावाचा किकचा दांडाच पुढे फिरवून गिअरचा दांडा होई आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटे. ही रचना समजलेला मिस्त्री सहसा दुसऱ्या गाडीला हात लावत नसे. चेतकचे इंजिन उजव्या बाजूला असल्याने तिचा तोल किंचित एकीकडे जाई, सकाळी ती सुरू झाली नाही की मालक तिला आडवी कलती करून पेट्रोल उतरवत. क्लच आणि गिअरच्या वायरी वाटेत तुटत, म्हणून डिकीत जादा वायर आणि मायकोचा प्लग ठेवणे हा नियमच होता. राजदूत दूधवाल्यांची लाडकी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून कच्च्या रस्त्याने ती वर्षानुवर्षे धावे आणि गावच्या मिस्त्रीला तिचे शॉक अब्सॉर्बर तेवढे बदलावे लागत. बुलेटचा मान या सगळ्यांत वरचा. डीकॉम्प्रेसर ओढायचा, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मग पूर्ण वजनाने किक हाणायची. टायमिंग चुकले असेल तर किक उलटी बसून पाय दुखावे. बुलेटचे टॅपेट कानाने लावणारा मिस्त्री ज्या शहरात असे, तिथे लांबलांबून गाड्या येत.

लूनाने मात्र गॅरेजचे गिऱ्हाईकच बदलले. कायनेटिकने १९७२मध्ये आणलेली ही ५० सीसीची मोपेड स्वस्त होती, पेडल मारून सुरू होई आणि तिला गिअर नव्हता. कारकून, शिक्षक, पोस्टमन आणि मोठ्या संख्येने स्त्रिया तिच्यावर बसल्या. इंजिनाची दुचाकी हे केवळ धडधाकट पुरुषाचे वाहन आहे, ही समजूत मोडण्याचे श्रेय या छोट्या गाडीला द्यायलाच हवे.

गॅरेज जगत होते ते सुट्या भागांच्या बाजारावर. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर ही त्याची केंद्रे होती, आणि नव्या मालाबरोबर तिथे ‘डुप्लिकेट’ मालही खपे. जे नाना पेठेत मिळत नसे, ते पुण्याच्या रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात शोधले जाई. महायुद्धातल्या गाडीचा कार्बोरेटर किंवा जुन्या जावाचे दिव्याचे कव्हर ओळखून काढणारी नजर हीसुद्धा एक विद्याच होती.

गॅरेजचा खरा सण खंडेनवमी. त्या दिवशी पाने, पकडी, पुलर, लेथ सगळे धुऊन मांडले जाई, हळद-कुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जात आणि हत्यारांना काम दिले जात नसे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गिऱ्हाइके हार घातलेल्या गाड्या घेऊन उस्तादांना सोने द्यायला येत.

गोव्यात या व्यवसायाला आणखी एक शाखा फुटली. पिवळ्या मडगार्डाच्या मोटरसायकलवर भाड्याने माणसे नेणारे ‘पायलट’ तिथे परवान्यासह काम करतात. दिवसभर राबणाऱ्या या गाड्यांच्या जोरावर म्हापसा, पणजी, मडगाव इथली कितीतरी छोटी गॅरेजे चालली.

१९८०च्या दशकात जपानी तंत्र आले. इंड-सुझुकी, हीरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज या गाड्यांनी १९८४ ते १९८६ या अवघ्या दोन-तीन वर्षांत बाजार पालटला. कमी पेट्रोल पिणारी, ऑइल न मिसळावे लागणारी फोर-स्ट्रोक सीडी १०० महिनोन्‌महिने मिस्त्रीकडे जात नसे. १९९१नंतर परवान्यांचे राज्य सरले, नंबर लावणे बंद झाले, आणि बुकिंगच्या वहीची जागा कर्जाच्या कागदांनी घेतली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक मोटरसायकली मागे पडल्या. आयडियल जावा १९९६मध्ये बंद झाली, चेतकचे उत्पादन नव्या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि जवळपास सर्व नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. सेन्सर आणि स्कॅनर यांच्या गाडीला कान लावून दोष सापडत नाही. काचेच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक आता वर्कशॉपच्या बाहेर थांबते आणि त्याच्या गाडीला कोणी हात लावला हे त्याला बहुधा कळत नाही. नव्या गाड्या अधिक सुरक्षित, अधिक स्वच्छ आणि भरवशाच्या आहेत, हे निर्विवाद. गेली ती गाडी, गिऱ्हाईक आणि कारागीर यांची समोरासमोरची ओळख, आणि हे नुकसान खरे आहे.

जुन्या गाड्यांचे प्रेम मात्र वाढते आहे. २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी ही नावे बाजारात परत आली, आणि आरएक्स १००साठी तरुण मुले मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. पण या गाड्या पुन्हा उभ्या करणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या कामाची पुस्तिका कोणी लिहिलेली नाही आणि त्यांची मुले बहुधा या धंद्यात आलेली नाहीत. आयटीआयनी, दुचाकीच्या क्लबांनी आणि शहरांच्या इतिहास मंडळांनी या कारागिरांकडे जाऊन त्यांचे काम, त्यांची बोली आणि त्यांच्या दुकानांच्या वह्या यांची नोंद करून ठेवावी. हे काम येत्या काही वर्षांतच होऊ शकते.