आगवाल्यांचे शरीरशास्त्र

कोळशावर चालणाऱ्या आगबोटींच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी जवळजवळ ठरलेली असे. डेकवरचे खलाशी बहुतांशी रत्नागिरीकडचे, नाहीतर सुरत-कच्छकडचे. स्वयंपाकघर आणि उतारूंची सरबराई गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. आणि सर्वांत खाली, बॉयलरच्या तोंडाशी, पंजाबी मुसलमान आणि पठाण. त्यांच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, ही जागा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींची होती. कलकत्त्याच्या बोटींवर तेच काम सिल्हेटचे लोक करीत.

इंग्रज या सर्वांना ‘लास्कर’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘लष्कर’चाच भाऊ. त्यांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल, सुकाणूवर सुकाणी, स्वयंपाकाला भंडारी. हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज अशा शब्दांची त्यांची एक खिचडी भाषाच होती. दोर सैल सोडताना दिलेली ‘आरिया’ ही आरोळी पोर्तुगीज ‘अरियार’वरून आलेली. गोऱ्या अधिकाऱ्यांना हुकूम देता यावेत म्हणून थॉमस रोबक याने १८११ साली या भाषेचा कोशही छापला. बॉयलरखान्यातील हुद्द्यांची नावे मात्र पुढे, वाफेबरोबर आली: भट्टीत कोळसा घालणारा तो आगवाला, कोठारातून कोळसा ओढून आणणारा तो कोलसावाला, यंत्राला तेल देणारा तेलवाला.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि आशियाच्या सागरी मार्गांवर शिडांची जागा वाफ वेगाने घेऊ लागली. वाफ म्हणजे कोळसा, आणि कोळसा म्हणजे फावडे. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास, अशा पाळ्या बंदर येईपर्यंत अखंड चालत. आगवाल्याचे काम नुसते कोळसा फेकण्याचे नव्हते. भट्टीत कोळसा सारख्या जाडीने पसरावा लागे, लांब सळईने निखारे मोकळे करावे लागत. राखेचा वितळून झालेला दगडासारखा थर फोडून बाहेर ओढावा लागे, आणि तो विझवण्यासाठी पाणी मारले की सारी जागा वाफेने भरून जाई. जहाज हलत असताना, पायाखालच्या लोखंडी पत्र्यावर तोल सांभाळत, हे सारे करायचे. कोलसावाल्याला तर एका बाजूचा कोळसा जास्त उपसला जाऊन जहाज कलणार नाही याचेही भान ठेवावे लागे.

तांबड्या समुद्रात या खोलीतील तापमान ५० अंश सेल्सिअसच्याही वर जाई. त्याला एक कारण साध्या गणिताचे आहे. बॉयलरखान्यात हवा येई ती डेकवरच्या भोंग्याच्या तोंडाच्या नळ्यांतून, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर. उन्हाळ्यात तिथे वारा उत्तर-वायव्येकडून वाहतो. समजा वारा ताशी १२ सागरी मैलांचा आहे आणि जहाज त्याच वेगाने दक्षिणेकडे चालले आहे, तर जहाजाच्या दृष्टीने वाऱ्याचा सापेक्ष वेग शून्याजवळ येतो. नळ्यांत हवा शिरतच नाही. अशा वेळी कप्तान जहाज उलटे फिरवून काही वेळ वाऱ्याच्या तोंडावर चालवीत, खालच्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून. सापेक्ष वेग शिकवताना आगगाडीचे उदाहरण नेहमीच देतो. हेही देऊन पाहावे.

आता या माणसाच्या शरीराचा हिशेब मांडू. भोवतालची हवा त्वचेपेक्षा गरम असली की शरीर हवेला उष्णता देऊ शकत नाही, उलट तिच्याकडून घेते. मग बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हाच तो अप्रकट उष्मा. जड मेहनतीत शरीरात तासाला ४०० किलोकॅलरी तरी सहज निर्माण होतात, आणि भट्टीच्या तोंडाकडून येणारी उष्णता वेगळी. म्हणजे चार तासांच्या पाळीत चार-पाच लिटर घाम, आणि प्रत्येक लिटरबरोबर दोन ते चार ग्रॅम मीठ. हवा दमट असली तर घाम वाळत नाही, नुसताच ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम शरीराला थंड करीत नाही. जे. एस. हाल्डेन (भारताचे नागरिकत्व घेणारे जे. बी. एस. हाल्डेन यांचे वडील) यांनी १९०५ साली दाखवून दिले की माणसाची मर्यादा ठरते ती ओल्या फुग्याच्या तापमापकावरून. स्थिर हवेत हा पारा ३१ अंशांच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते. काम करणाऱ्याची मर्यादा आणखी खाली.

बॉयलरखान्यात पोटऱ्यांत आणि पोटात भयंकर गोळे येत. भ्रमिष्ट झालेला माणूस धावत डेकवर येऊन समुद्रात उडी घेई, अशा घटना गोऱ्या आणि हिंदी, दोन्ही प्रकारच्या आगवाल्यांबाबत नोंदल्या गेल्या आहेत. गोळ्यांचे कारण १९२३ साली के. एन. मॉस यांनी इंग्लंडमधील खोल कोळसाखाणींत उलगडले. घामावाटे मीठ जाते, तहान भागवायला माणूस नुसते पाणी पितो, आणि रक्तातील मीठ आणखी पातळ होते. पाण्यात किंचित मीठ घातले की गोळे थांबतात. आपल्याकडे पेजेत मीठ घालून पिणाऱ्या शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही.

ही माणसे इतक्या उष्णतेत का ठेवली, याला जहाजमालकांचे उत्तर तयार होते: उष्ण देशातील माणसाची घडणच अशी की त्याला आच बाधत नाही. गोऱ्या खलाशांच्या संघटनांनी हाच सिद्धान्त उलटा वापरला. लास्कर थंडीत निकामी, तेव्हा त्यांना उत्तरेकडे आणू नका, असा त्यांचा आग्रह. त्यातून करारात अट आली की हिवाळ्यात उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३८ अंश उत्तर अक्षवृत्तापलीकडे लास्करांना नेऊ नये. नकाशा काढून पाहा, न्यूयॉर्क या रेषेच्या वर येते.

हा सिद्धान्त तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, वर दिलेली कामाची वाटणी पुरते. बारा महिने उबदार, दमट हवेत राहणारा रत्नागिरीचा माणूस डेकवरच्या गार वाऱ्यात. आणि जिथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते त्या मीरपूर-हजाऱ्याकडचा माणूस भट्टीपुढे. पंजाबचा उन्हाळा कडक असतो हे खरे, पण अटलांटिकवरच्या बोटींत भट्ट्या पेटवणारे आगवाले लिव्हरपूलचे आयरिश होते, त्यांनी कोणता उन्हाळा पाहिला होता? वाटणी हवामानाने केलेली नव्हती. ज्या सारंगाचे ज्या गावात नाते, त्या गावची पोरे त्याच्या हाताखाली. भरतीसाठी दलालांना द्याव्या लागणाऱ्या लाचेचा आणि कर्जाचा प्रश्न १९३१ च्या व्हिटले आयोगापुढेही आला होता.

शरीर उष्णतेशी जुळवून घेते, यात शंका नाही. पण ते कुठल्याही निरोगी माणसात, आठ-पंधरा दिवसांच्या मेहनतीने घडते: रक्तद्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातील मीठ कमी होते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत ड्रिओस्टी यांनी १९३५ च्या सुमारास नव्या कामगारांवर ही गोष्ट पद्धतशीर तपासली. आणि काम सुटले की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. गावी चार-सहा महिने काढून आलेला जुना आगवाला आणि लिव्हरपूलचा नवखा, पहिल्या पाळीत दोघांची अवस्था फार वेगळी नसे.

मग या सिद्धान्ताचा उपयोग काय होता? लास्कराचा पगार गोऱ्या खलाशाच्या एक-तृतीयांश ते एक-पंचमांश असे. राहण्याच्या जागेचे आकडे तर आमच्या मते इतिहासाच्या तासापेक्षा गणिताच्या तासाला द्यावेत. ब्रिटिश कायद्याप्रमाणे खलाशाला ७२ घनफूट जागा. हिंदुस्थानच्या कायद्याप्रमाणे लास्कराला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाची जागा १२० घनफूट केली, आणि लास्करांना त्यातून वगळले.

१९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांवर लास्कर होते. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच त्यांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले. अनेकांना तुरुंगात जावे लागले, पण पगार वाढले. त्याच युद्धात ३८ अंशांची अट गुंडाळून ठेवण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर हीच माणसे चालली. हिंदी व्यापारी खलाशांपैकी सहा हजारांहून अधिक या युद्धात मेले. पाणतीर लागला तर बॉयलरखान्यातल्या माणसाला वर येण्यासाठी लोखंडी शिड्यांचे अनेक टप्पे चढावे लागत.

कोळशाची जागा तेलाने पहिल्या महायुद्धानंतरच घ्यायला सुरुवात केली होती, डिझेलवर चालणारे ‘सेलांडिया’ तर १९१२ सालीच कोपनहेगनहून निघाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच फावडे गेले आणि आगवाला हा हुद्दाही जवळजवळ नाहीसा झाला. पगारातील फरक त्याच्याबरोबर गेला नाही. १९७६ साली ब्रिटनने वंशभेदाविरुद्ध कायदा केला, तेव्हा परदेशात भरती केलेल्या खलाशांना त्याच्या संरक्षणातून वगळणारी तरतूद त्याच कायद्याच्या नवव्या कलमात होती.