आर्नोकाठची छत्री

शिराळ्यासारख्या गावातील कुटुंबांतही अलीकडे भूमध्यसमुद्राकाठच्या देशांची सफर करण्याचे बेत निघू लागले आहेत. इटली पाहावी की ग्रीस, कोणत्या महिन्यात निघावे, वृद्ध मातापित्यांस बरोबर न्यावे की नाही, असे प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारले जातात. त्यांची उत्तरे प्रवासी पुस्तकांत सापडतात, हे खरे. तथापि ज्यास असा प्रवास करावयाचा आहे त्याने आपल्याच शेजारच्या एका राजाच्या प्रवासाची हकीकत प्रथम ऐकावी, असे आमचे मत आहे. कारण सल्ला विसरला जातो. हकीकत विसरली जात नाही.

वारणा ओलांडली की कोल्हापूरचा मुलूख लागतो. तेथील गादीवर १८६६ साली राजाराम महाराज बसले, तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. त्यांस इंग्रजी उत्तम येई आणि ज्ञानाची आवड मोठी होती. १८७० च्या उन्हाळ्यात ते विलायतेस गेले. समुद्रगमन निषिद्ध मानण्याचा तो काळ. सुएझचा कालवा खुला होऊन (१७ नोव्हेंबर १८६९) पुरते वर्षही लोटले नव्हते. इंग्लंडात महाराजांनी पुष्कळ पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, आणि हे सारे रोजनिशीत इंग्रजीतून टिपून ठेवले. ही रोजनिशी पुढे १८७२ साली लंडनमध्ये कॅप्टन वेस्ट यांनी प्रसिद्ध केली. परंतु ती छापलेली पाहण्यास तिचा कर्ता हयात नव्हता.

जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. फ्रान्समधून मार्सेय गाठण्याची नेहमीची वाट त्यामुळे बंद झाली, आणि हिंदुस्थानची टपालही इटलीतील ब्रिंदिसी बंदराकडे वळवावी लागली. परतताना महाराजांनाही बेल्जम, जर्मनी आणि आल्प्स पर्वत असा वळसा घालून इटलीत उतरावे लागले. आणि तेही नोव्हेंबरात. फ्लॉरेन्स ही त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होती. तेथेच त्यांचे दुखणे विकोपास गेले आणि ३० नोव्हेंबर रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. दहनाची चाल त्या देशात नव्हती. अखेर अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात, हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाला. आपल्या मोरणेचे पाणी वारणेस आणि वारणेचे हरिपुरास कृष्णेस मिळते. संगमाचे महत्त्व ज्यांच्या अंगी मुरलेले, त्या सोबत्यांनी परमुलखातही संगमच शोधला. १८७४ साली तेथे छत्री उभारण्यात आली. तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे.

आता या हकीकतीतून व्यवहाराचे काय घ्यावे ते सांगतो. पहिली गोष्ट ऋतूची. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो. भूमध्यसमुद्राकाठी उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्याचा. दिवाळीची सुटी म्हणून नोव्हेंबरात निघणाऱ्यास फ्लॉरेन्समध्ये पाऊस व गारठा गाठतो. मे महिन्याची सुटी सोयीची. कारण एप्रिल-मे आणि सप्टेंबर ते अर्धा ऑक्टोबर हेच तेथील उत्तम दिवस. जुलै-ऑगस्टात ऊन कडक व गर्दी अफाट असते, आणि १५ ऑगस्टच्या सुमारास तेथील पुष्कळ दुकानदार स्वतःच सुटीवर जातात.

दुसरी गोष्ट वाटेची. युद्ध, संप, वादळ यांनी वाट बदलते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक-दोन मोकळे दिवस हाती ठेवावेत. पंधरा दिवसांत तीन ठिकाणे पाहावीत, सात नव्हेत. वृद्ध बरोबर असल्यास तर हा नियम मोडूच नये.

तिसरी कागदपत्रांची. इटली, ग्रीस, स्पेन, फ्रान्स यांस शेंगेनचा एकच परवाना चालतो; १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. जेथे मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. तो सहा महिने आधीपासून करता येतो; निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण इतक्या उशिरापर्यंत थांबणे शहाणपणाचे नव्हे. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेपुढे तीन महिने तरी असावी. इजिप्त व तुर्कस्तान यांचे परवाने निराळे.

चौथी गोष्ट बोलावयास जड, पण सर्वांत महत्त्वाची. या परवान्यासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा काढावा लागतो. त्यात तातडीचे औषधोपचार येतात, तसेच मृत्यू ओढवल्यास देह स्वदेशी आणण्याचा खर्चही येतो. पुष्कळ गृहस्थ ते कलम न वाचताच सही करतात. ते वाचावे, घरातील एका जाणत्या माणसास दाखवावे, आणि विम्याचा कागद व नेहमीची औषधे वैद्याच्या चिठ्ठीसह हाताशी ठेवावीत. तेथे कोणत्याही संकटात फिरवावयाचा आकडा ११२ हा आहे. राजाच्या दिमतीस माणसे होती. सामान्य कुटुंबास हा कागदच दिमतीस.

भयाने कोणी घरी बसावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. महाराज गेले म्हणून कोल्हापूरने विद्येकडे पाठ फिरविली नाही. त्यांच्याच नावाचे राजाराम कॉलेज १८८० पासून या भागातील मुलांस शिकवीत आले आहे. फ्लॉरेन्सला जाल तेव्हा चित्रशाळा अवश्य पाहा. त्या सोमवारी बंद असतात. तो सोमवार हाती राखावा आणि कासिने उद्यानाच्या पश्चिम टोकास जावे. जवळच्या पुलास तेथील लोक ‘इंदियानो’चा, म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. छत्रीपाशी क्षणभर उभे राहून आपल्या मुलांस सांगावे की हा राजा आपल्या वारणेपलीकडचा. तो जग पाहावयास निघाला होता, आणि त्याचे घरी परतणे राहून गेले.